मर्लचा ट्रॅक्टर

एल्डननं ट्रॅक्टरची मागची बाजू लाकडी ठोकळ्यांवर चढवली, बॅटऱ्यांचा मुख्य प्लग उपटला आणि मगच झाकण उघडलं. पन्नास वर्षांपूर्वीचे हे विजेवरचे बागेचे ट्रॅक्टर लहर लागली की आपोआप चालू पडत. म्हणून अशा जुन्या यंत्रांची शौकीन मंडळी आधी चाकं अधांतरी करत.

"मर्ल काढायचा तो प्लग?" शेडच्या दारातून लॉर्नानं विचारलं.

"मर्ल? अगं, डोक्यावरचा चष्मा सापडायचा नाही त्याला."

लॉर्ना हसली नाही.

एप्रिलमध्ये तिचा नवरा मर्ल गवत कापायची पाती बसवायला या ट्रॅक्टरपुढे वाकला होता. रिकामा ट्रॅक्टर आपणहून चालू झाला आणि त्यानं मर्लला भिंतीशी चेंगरलं. एल्डन त्याचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. या यंत्रांची नस न् नस ओळखणारा, त्यामुळे तीन परगण्यांतून लोक त्याचा सल्ला घ्यायला येत. मर्ल गेल्यापासून एल्डनचं रविवारचं जेवण लॉर्नाकडेच असे.

मागच्या रविवारी बटाट्याची फोड काट्यावर धरून त्यानं एकदाचं विचारून टाकलं होतं. "दोन घरं, दोन चुली, दोन म्हातारी माणसं. कशाला गं?"

लॉर्ना नाही म्हणाली नाही. "आधी ट्रॅक्टर का चालू झाला ते शोध," एवढंच म्हणाली. "आदल्या संध्याकाळी सरपण आणायला मीच चालवला होता. किल्ली माझ्याकडून चालू राहिली असेल, तर मीच मारलं त्याला. ते कळल्याशिवाय मी कुणाच्या घरात सुखानं बसू शकणार नाही."

म्हणून आज एल्डन घोटून दाढी करून आला होता. उरलेली वर्षं एकट्यानं काढायची त्याला मनापासून भीती वाटत होती.

त्यानं मीटर लावून एकेक तपासत नेलं. किल्ली ठीक. ब्रेकचं बटण ठीक. मोटरला वीज सोडणाऱ्या रिलेची टोकं मात्र वितळून एकमेकांना चिकटली होती, म्हणजे किल्ली बंद असली तरी वीज चालूच. पण तेवढ्यानं भागत नाही. सीटवर माणूस नसेल तर सीटखालचं बटण वीज तोडतं.

"कॉफी आणते," म्हणून लॉर्ना घरात गेली. त्यानं सीट उलटली.

बटणाला वळसा घालून एक हिरवी वायर टाकलेली होती, म्हणजे सीट रिकामी असली तरी वीज तुटणार नाही. दोन्ही टोकांना तीन-तीन पीळ, वर मेणाचा दोरा. असा दोरा या भागात एकच माणूस गुंडाळायचा.

मार्चमध्ये ते बटण मधेच अडकून बसे, धड चालेना, तेव्हा मर्लला सीटवर बसवून एल्डननंच ही वायर टाकली होती. सगळेच शौकीन टाकतात. "महिन्याभरात नवं बटण आणतो," असं म्हणाला होता, आणि विसरला होता.

खरं सांगून मर्ल परत येणार नव्हता. लॉर्ना मात्र हातची जाणार होती. त्यानं दोन्ही टोकं सोडवली आणि वायर खिशात कोंबली. स्वतःची लाज वाटली, पण हात थांबले नाहीत.

लॉर्ना दोन कप घेऊन आली. "सापडलं?"

"रिलेची टोकं चिकटलीयत. जुनं यंत्र, दुसरं काय."

"आणि किल्ली?"

एल्डननं चिंधी घेऊन बोटं पुसली. बराच वेळ पुसली.

"किल्ली चालूच राहिली असणार."

"म्हणजे माझ्याकडून."

"कुणाकडूनही होतं, लॉर्ना. आता मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे ना."

लॉर्नानं दोन्ही कप शेडमधल्या टेबलावर ठेवले. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं हात पुढे केला.

"ती हिरवी वायर दे."

"कुठली?"

"खिशात घातलीस ती. स्वयंपाकघरातून दिसतं इथलं सगळं."

त्यानं वायर काढून तिच्या तळहातावर ठेवली. "मी सांगणारच होतो गं. मला काय ठाऊक, ह्या वायरीनं त्याचा जीव—"

"तू टाकलीस त्याच संध्याकाळी मर्लनं ती काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती," लॉर्ना म्हणाली. "आज सकाळी मी जशीच्या तशी परत लावली, तू काय सांगतोस ते बघायला."