फायटरच्या पिल्लांचा घास

मुलांनो, तांदळाची एक कणी डोळ्यांसमोर आणा. तिचे दोन तुकडे करा. त्यातल्या एका तुकड्याला दोन काळे डोळे आणि एक शेपूट लावा. झालं फायटर माशाचं पिल्लू. आता सांगा, त्याचं तोंड केवढं असेल? आणि त्या तोंडात मावेल असा घास आणायचा कुठून?

पोंभुर्ण्याच्या संघप्रियाजवळ तो घास होता. परवापर्यंत तरी होता. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात तांदळाच्या पिठाची खळ, आणि त्या खळीत केसाहून बारीक, पांढरे, जिवंत किडे. सायकलदुरुस्तीवाल्या लहानूकाकांनी विरजण द्यावं तसे चमचाभर दिलेले. वाढले की ते आपणहून डब्याच्या भिंतीवर चढतात. बोटानं पुसून घ्यायचे आणि बोट माशांच्या पाण्यात बुडवायचं. काकांनी बजावलं होतं, "पिल्लं पयले उभीच लटकून राह्यतेत. आडवी पोहाले लागली का दुसऱ्या दिवशी त्यायले खायले पायजेच. दुसरं काई त्यायच्या तोंडात जात नाई."

आज सकाळी तिच्या टाकीतली पिल्लं आडवी पोहू लागली, आणि संघप्रिया डबा मांडीवर घेऊन बसली होती. भिंती कोरड्या ठणठणीत. खळीवर पिवळट पापुद्रा, त्यालाही तडे.

चूक तिचीच. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री. किड्यांना उकडत असेल म्हणून तिनं दोन दिवस डबा कूलरसमोर ठेवला होता. हवा नीट लागावी म्हणून झाकण काढून वर पातळ फडकं बांधलं होतं. दुपारी कूलरमधलं पाणी संपलं की तोच वारा झळ होऊन येतो, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

काका लेकीकडे हेमलकशाला गेलेले. चार वेळा फोन लावला. लागला नाही.

"आई, सारे मेले. म्याच मारले."

तिची आई हर्षा पापड्यांच्या पिठाचं पातेलं घेऊन जिन्याकडे निघाली होती. तिनं लांबूनच डब्यात डोकावलं. "लोकायच्या पोरी मांजर पाळतेत, पोपट पाळतेत. माह्यी पोट्टी किडे पाळून राह्यली. अन् रडते बी त्यायच्यासाठीच!" मग लेकीचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली आला. "हात लावाले नोको सांगू मले. किळस येते. पण चाल वर, कालच्या पापड्या पाहू. बसून का करशीन?"

गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर तांदळाच्या पापड्या पसरल्या होत्या. संघप्रियानं एकीला बोट लावलं. कडक.

"ह्या तं वाळल्या. भरू का डब्यात?"

"वरून कडक झाली म्हणजे वाळली काय वो? पलटव तिले."

संघप्रियानं पापडी सोडवून उलटी केली. खालचं पीठ ओलसर होतं. बोटाला चिकटलं.

ती तशीच उभी राहिली. मग पापडी टाकून पळाली.

"अव, चपला तं घाल! पाय भाजतीन!"

खाली येऊन तिनं चमच्याच्या दांड्यानं खळीवरचा पापुद्रा हळूच उचलला. खाली करंगळीच्या नखाएवढी जागा ओली होती. आईचा मोबाइल घेऊन तिनं बॅटरी लावली. काही दिसेना. श्वास रोखून ती डोळे न मिटता पाहत राहिली, आणि त्या एवढ्याशा ओलीवरचा उजेड थरथरला. डबा हलत नव्हता. हात हलत नव्हता. खळच हलत होती.

"आई, तुह्या पातेल्यातलं पीठ देतं का थोडंसं?"

"मीठ हाये त्यात," वरून आवाज आला. "चालते काय तुह्या पाव्हण्यायले?"

नव्हतं चालत. मग संघप्रियानं स्वतः बिनमिठाची खळ शिजवली, ती पार निवेपर्यंत थांबली, आणि ओला तुकडा तिच्यात सोडला. झाकणाला सुईनं भोकं पाडली. डबा पाण्याच्या माठाशेजारी, गारव्याला ठेवला. दिवसभर सतरा वेळा तिचा हात झाकणाकडे गेला. सतरा वेळा तिनं तो मागे घेतला. उघडून बघितल्यानं काही किडे लवकर वाढत नाहीत, आणि हे कळायला मोठ्या माणसांनाही पुष्कळ वर्षं लागतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं झाकण काढलं. खळीच्या कडेनं, डब्याच्या भिंतीवर, बोटभर उंचीचं पांढुरकं धुकं चढलं होतं. फार नव्हतं. संघप्रियानं करंगळी फिरवली आणि काचेच्या टाकीत बुडवली. पांढरी धूळ वळवळत खाली उतरू लागली.

पिल्लं जागच्या जागी थबकली. एक पिल्लू स्वल्पविरामासारखं वाकलं, थांबलं आणि झेपावलं. मग दुसरं. थोड्या वेळानं त्यांची काचेसारखी आरपार पोटं पांढरी दिसू लागली.

हर्षा चहाचा कप हातात घेऊन मागे येऊन उभी होती. आधी उभी होती, मग वाकली, मग कप खाली ठेवून काचेला नाक लावून बसली.

"अव माय! खाल्लं त्यानं. एवढ्याशा तोंडानं!"

"हूं."

"अन् तो पाह्य, तिकडं कोपऱ्यात. त्याच्यापावतर गेलंच नाई काई. उपाशी हाये बिचारा. टाक ना त्याच्याजोळ थोडंसं."

संघप्रियानं डबा पुढे घेतला. पण आपलं बोट तिनं त्यात घातलं नाही. तिनं आईचा हात धरला, तिची करंगळी सरळ केली, आणि डब्याच्या भिंतीवरून हळूच फिरवली.