निरोगी नमुना

"सोमवारची ट्रायल होणार नाही," श्यामकांत सर म्हणाले.

मीटिंग रूममध्ये सगळ्यांनी माना वर केल्या. दीप्तीला वाटलं, आपल्या ऐकण्यातच काहीतरी चुकलं. विक्रोळीच्या त्या प्रयोगशाळेत तिची उमेदीची सगळी वर्षं या एका टेस्टवर गेली होती. स्वादुपिंडाचा कॅन्सर कळतो तोच मुळी उशिरा. तो थोड्याशा रक्तावरून आधीच ओळखायचा, हे स्वप्न सरांचं. ते दीप्तीने आधी पेशींवर, मग उंदरांवर, मग पेशंटांच्या साठवलेल्या जुन्या रक्तावर खरं करून दाखवलं होतं. आता घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात, रोजच्या ओपीडीत येणाऱ्या माणसांवर टेस्टची ट्रायल सुरू होणार होती.

"का, सर?"

"शेवटच्या फेरीत एक निरोगी नमुना पॉझिटिव्ह आलाय. आणि थोडाथोडका नाही. पक्क्या पेशंटचा यावा तसा."

शेवटच्या फेरीसाठी प्रयोगशाळेतल्याच लोकांनी रक्त दिलं होतं. कुठली नळी कोणाची ते कळू नये म्हणून त्यांच्यावर फक्त नंबर होते. निरोगी माणसाच्या रक्तात टेस्टने एवढा मोठा धोका दाखवला, तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही, हा नियम सरांनीच घातला होता. धडधाकट माणसाला उगाच मरणाची भीती घालणारी टेस्ट त्यांना नको होती.

"पुन्हा लावून बघू ना," दीप्तीचा सहकारी शौनक म्हणाला. "नळीतच काहीतरी लोचा झाला असेल."

"मी स्वतः लावली पुन्हा. तेच येतंय."

"पण तो माणूस निरोगी आहे हे कशावरून?" दीप्तीचा आवाज चढला. "एका नमुन्यासाठी सगळं थांबवायचं?"

"ठणठणीत आहे. परवाच येऊरचा डोंगर चढून आलाय."

"तुम्हाला काय माहीत, सर?"

"कारण ते रक्त माझं आहे. देताना नळीवरचा नंबर बघितला होता मी."

शौनकने मान खाली घातली. कोणीच कोणाकडे बघेना. सर मात्र वैतागले होते, तेही टेस्टवर. वर्षानुवर्षं ज्या टेस्टचे गोडवे गायले, तिने ऐनवेळी दगा दिला म्हणून. सरांना जे दिसत नव्हतं, ते खोलीतल्या बाकी सगळ्यांना दिसत होतं, आणि ते बोलायचं कोणी हा प्रश्न होता.

"सर, दोन शक्यता आहेत," ती म्हणाली.

"एकच आहे. टेस्ट चुकली."

"स्कॅन करून घ्या."

"वेडी आहेस का गं? वजन उतरलेलं नाही, पोट दुखत नाही, दोन वेळा नीट जेवतो. मला काही म्हणजे काही होत नाहीये."

"ज्यांना काही होत नाहीये, त्यांच्यासाठीच केली ना आपण ही टेस्ट?"

सर तिच्याकडे बघतच राहिले. चेहऱ्यावरचा वैताग ओसरत गेला, आणि त्याखालून जे वर आलं ते दीप्तीला बघवेना. त्यांनी पुढ्यातला पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच परत ठेवला.

मुलुंडला घराजवळच त्यांचा स्कॅन झाला. एक बारीकसा डाग दिसला. डॉक्टरांनी सुईने त्याचा तुकडा घेतला. असे डाग पुष्कळदा साधे असतात, असंही ते म्हणाले. दीप्तीने तेवढंच वाक्य धरून ठेवलं. रोज प्रयोगशाळेत जाऊन तिने आपलंच काम उसवून बघितलं. रसायनं तपासली, मशीन तपासलं, जुने आकडे पुन्हा मांडले. कुठेतरी आपली चूक सापडू दे, एक तरी सापडू दे, असं तिच्या मनात सारखं येत होतं. चूक सापडेना.

रिपोर्टच्या दिवशी ती मुलुंडला गेली. सर एकटेच आत गेले होते. सोबत कोणी नको म्हणाले. बाहेर बाकावर त्यांची बायको वसुधा बसली होती. दीप्ती शेजारी बसताच तिने विचारलं,

"टेस्ट चुकली असेल ना गं?"

याच टेस्टसाठी दीप्ती आजवर कोणाकोणाशी भांडली होती. परदेशातल्या तज्ज्ञांना तिने भर सभेत गप्प केलं होतं.

"चुकलीच असणार, काकू," ती म्हणाली. आणि आयुष्यात कधी कुठली गोष्ट बोलली नसेल इतक्या मनापासून बोलली.

दार उघडलं. सर बाहेर आले. ते आधी वसुधापाशी गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मग त्यांनी दीप्तीकडे बघितलं. ती उठून उभी राहिली.

"ट्रायल सुरू कर," सर म्हणाले.