परतीचे साडेचार तास

समाधान काम शोधायला दुबईला निघाला होता आणि त्याला तिकीट मिरवायची खोडच लागली होती. एजंटानं दिलेला कागद त्यानं आधी शेजारच्या विमलबाईंना दाखवला, मग दूधवाल्याला, मग डांगे चौकात चहाच्या गाडीवर जो भेटेल त्याला. दोन हजार किलोमीटर, आणि फक्त दीड तास. चाकणहून कंपनी सुटल्यावर घरी यायला दोन तास जातात. त्यापरीस दुबई जवळ, म्हणायचा.

त्याची आई सावित्रीबाई आठवडाभर हे ऐकत होती. आता तिला ऐकायचाही शीण आला होता. सून दिव्या त्याच्या सामानाच्या तयारीला लागली होती. तिला सातवा सरत आला होता. माहेरी आई नव्हती, बाळंतपण इथं थेरगावातच व्हायचं होतं. तिकिटावरची परतीची तारीख बाळंतपणाच्या तारखेच्या बारा दिवस आधीची होती. ती तारीख बघूनच तिनं नवऱ्याला जा म्हटलं होतं.

उद्या विमान. सावित्रीबाईनं कागद मागून घेतला.

तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वीस वर्षं पोळ्या लाटताना ती गेटवरच्या कार्डावरची आत-बाहेरची वेळ रोज ताडून बघायची. पाच मिनिटं इकडची तिकडं झाली तर टाइमकीपरची खैर नसायची. तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. जाताना वीस-पन्नास ते बावीस-वीस. दीड तास, बरोबर. येताना चौदा-दहा ते अठरा-चाळीस. तिनं पुन्हा मोजलं.

"जायला दीड आन् यायला साडेचार कसं रं?"

समाधान हसला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतं, म्हणून कागदावर तसं दिसतं; खरे तास दोन्हीकडून तीनच, असं त्यानं समजावलं. तिला ते पटलं. मग चौकात दीड कशाला सांगत हिंडलास, असं तिनं विचारलं. तो वैतागला. शेवटची शिफ्ट भरून आला होता, अंग आंबून गेलं होतं.

"येतानाचं कशाला मोजतीस, आये? ते नुसतं व्हिसासाठी दाखवायला असतं. एजंट परवा रद्द करणार हाय."

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. दिव्या त्याचे शर्ट बॅगेत भरत होती. तिचा हात शर्टावरच राहिला. तिनं मान वर केली नाही. काम लागलं की लगेच सुट्टी कशी मागायची, असं काहीतरी तो भिंतीकडं बघत म्हणाला.

सावित्रीबाईनं कागद त्याच्या हातात दिला. ती रागावली नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो.

"तुझंच खरं, समाधान," ती म्हणाली. "ज्याला माघारी यायचंच न्हाई, त्याला दुबई दीड तासावरच हाय."