बुधवारचे आजोबा

अर्ध्या गालावर वाळलेला साबण.

वेल्डरची आजी, जिचे पुढच्या खेपेला आजोबा झाले.

निळं दार. आतली तिसरी पायरी फुटकी.

वाजत राहिलेला फोन.

फोनपासूनच सुरू करू. बुधवार, जेवणाची सुट्टी. कारखान्याच्या स्टोअरकीपरांनी नंबर लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना कारखान्यातल्या लोकांनी आठवड्यातून एकदा फोन करायचा, ही योजना कल्याण अधिकारी बाईंची. "समाजकार्य आहे, नाही म्हणू नका," त्या म्हणाल्या होत्या. "नियम एकच. भेटायला जायचं नाही. माणसं ओशाळतात."

स्टोअरकीपरांच्या वाट्याला हे आजोबा आले. पहिल्याच फोनला म्हणाले, "दाढी करून बसलोय हो तुमच्यासाठी. जेवलात का?"

"हो," स्टोअरकीपर म्हणाले. पोटात चहा-बिस्किट होतं.

"काय जेवलात?"

थाप सुचेना. पुढच्या बुधवारपासून ते स्वतः रांधून डबा आणू लागले. म्हाताऱ्या माणसाशी खोटं बोलवत नाही, दुसरं काय.

अलीकडे मात्र आजोबांना दम लागायचा. वाक्य अर्ध्यात सुटायचं. स्टोअरकीपरांच्या बायकोचंही असंच सुरू झालं होतं, आणि ते "संध्याकाळी बघू" म्हणून कामावर निघून आले होते. संध्याकाळी बघायला ती राहिली नव्हती.

त्यांनी वेल्डरला गाठलं. "तुझी आजी फोन उचलते का रे वेळेवर?"

वेल्डरचा घास हातातच राहिला. "आजोबा ना? उचलतात की."

"मागच्या खेपेला आजी होती."

"दोघं आहेत, काका."

"मग एकटे कसले?"

"एकमेकांशी बोलत नाहीत," वेल्डर म्हणाला आणि डब्यात डोकं खुपसलं.

ते बाईंच्या खोलीकडे गेले. खुर्ची रिकामी. "मघाशी घरून फोन आला, तशा पळाल्या," शिपाई म्हणाला, आणि उगाच टेबल पुसू लागला.

आता संध्याकाळची वाट बघायची नव्हती. पत्ता कोणी दिला नव्हता, पण आजोबा बोलण्याच्या ओघात म्हणाले होते: पाण्याच्या टाकीमागे निळं दार, आत जिना, तिसरी पायरी फुटकी, येणारा प्रत्येक जण आपटतो. स्टोअरकीपर किल्ल्या टेबलावर टाकून तसेच निघाले. गेटवर रखवालदाराने हाक मारली, ऐकली नाही.

निळं दार उघडंच होतं. तिसरी पायरी त्यांनी ओलांडली.

खाटेवर एक म्हातारा. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण वाळलेला. उशाशी केस सुटलेली एक बाई त्याचा हात धरून बसली होती.

"दाढी करता करता पडले," ती म्हणाली. "गाडी येतेय."

तिने मान वर केली तेव्हा स्टोअरकीपरांना ओळख पटली.

"बाई? तुम्हाला कोणी कळवलं?"

कल्याण अधिकारी बाई खाटेवर वाकल्या. "बाबा, तुमचे बुधवारवाले आलेत."

म्हाताऱ्याने सावकाश डोळे उघडले.

"जेवलात का?"

बायको गेल्यावर स्टोअरकीपर पहिल्यांदा कामावर आले, त्या दिवशी वेल्डिंगच्या शेडमागे बाई, वेल्डर आणि शिपाई यांनी उभ्या उभ्या योजना ठरवली. त्या योजनेत फोन करणारा एकच होता.