खांबातल्या माश्या

"मुकादम, एवढा खांब ऱ्हाऊ द्या," पारूबाई तिसऱ्यांदा म्हणाली आणि उगारलेल्या टिकावापुढं उभी राहिली.

चंद्रप्पा मुकादम वैतागला. तलावाची खोली मोजता यावी म्हणून खणताना मधूनमधून मातीचे खांब सोडतात. मोजणी झाली की पाडतात. लातूर जिल्हा झाल्यापासून साहेब लोकांना तर भलतीच घाई. दुष्काळी कामावरचे बाकीचे खांब सकाळीच पडले होते. उरला हा एक, आणि त्याची राखण करणारी ही म्हातारी.

खांबाच्या बुडातून मेणाची, करंगळीएवढी नळी बाहेर आली होती. तिच्यातून बारक्या काळ्या माश्या ये-जा करत. जमिनीत घर करणारी ही मधमाशीची जात. डंख नाही, फार तर केसांत घुसतात. बाया हसायच्या, "पारूबाईनं माश्यांशी सोयरीक केली!" खोटं नव्हतं. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, निम्मी गल्ली जगायला पुण्याकडं गेलेली. दिवसभरात बोलायला कुणी नाही, म्हणून ती भाकरीसुद्धा या खांबाला टेकून खायची.

लेक सरजा लातूरच्या नव्या कचेरीत शिपाई होती. तीनदा न्यायला आली. तिन्ही वेळा पारूबाईनं तिला एकटीलाच गाडीत बसवून दिलं. लेकीच्या दारात म्हातारपण काढायचं? लोक काय म्हणतील! मग घरी येऊन ती पोटभर रडली होती.

"आवं मावशी, पाऊस पडला की हितं दोन पुरुस खोल पानी," चंद्रप्पा म्हणाला. "खांब ठिवला तरी बुडणारच. माश्यांना पंख हायत, जातील उडून."

"पोरी जातील. राणी कशी जाईल? अंड्यानं जड झाली की तिला उडता येत न्हाई."

"मंग ती काय करती?"

"घर धरून बसती," पारूबाई म्हणाली.

थोड्या वेळानं तिनंच खुरपं घेतलं. हलक्या हातानं माती उकरली. आत मेणाच्या इवल्या कुप्या होत्या, मधानं भरलेल्या. मधोमध मोठ्या पोटाची राणी. तिनं सगळा गड्डा ओंजळीनं उचलून मडक्यात ठेवला. मडकं त्याच जागी मांडलं आणि बाहेर गेलेल्या माश्या परतेपर्यंत शेजारी बसून राहिली. दिवस कलला. सगळ्या आत गेल्यावर तिनं लुगड्याची चिंधी फाडून मडक्याचं तोंड बांधलं.

"घराकडं न्यायलाव का, मावशी?" चंद्रप्पानं विचारलं.

"हाव," पारूबाईनं मडकं कडेवर घेतलं. "लातूरची गाडी किती वाजता हाय?"