शेवटची दोन अक्षरं

म्हातारीचं बोट दगडावर उजवीकडून डावीकडे सरकत गेलं आणि चारांतल्या तिसऱ्या अक्षरावर थांबलं.

पाथरवट हात पुसत उभा होता. त्याला कौतुकाची सवय होती. आपल्या धंद्यात तक्रार येत नाही, ज्याने करायची तो दगडाखाली असतो, हा त्याचा ठरलेला विनोद. मात्र तो गिऱ्हाईक गेल्यावरच करायचा.

"शेवटची दोन उलटी झालीत," म्हातारी म्हणाली.

"उलटी तुमच्या कागदावर होती, आजी. मी सुलटी केली."

मग त्याने सविस्तर सांगितलं. लेकाच्या थडग्याचा दगड सांगायला ती आली, तेव्हा याबेस म्हणजे काय, हे त्यानेच विचारलं होतं. असलं नाव त्याच्या छिन्नीखाली कधी आलं नव्हतं. फार जुनं हिब्रू नाव आहे, वेदनेवरून आलेलं, असं ती म्हणाली होती. आता वेदना हा शब्द हिब्रूत कसा लिहितात, हे त्याला न शिकता पाठ. तीस वर्षं यहुद्यांच्या थडग्यांवर दुसरं कोरलं काय? आजींनी रडता रडता अक्षरं उलटसुलट लिहिली, हे त्याने तेव्हाच ओळखलं. दुसरा कुणी असता तर चूक कोरून मोकळा झाला असता.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की याबेसच्या वेळी ती तीन दिवस अडली होती. मूल झालं तेव्हा तिच्या आईने हे नाव काढलं. फार पूर्वी एका बाईने असंच सोसलं आणि मुलाचं नाव वेदनेवरूनच ठेवलं, पण ठेवताना दोन अक्षरांची जागा मुद्दाम बदलली. वेदना दारात यावी, नाव वाचावं आणि तिला वाटावं, आपण घर चुकलो.

"बावन्न वर्षं चुकली ती. गेला तोसुद्धा झोपेत."

पाथरवटाने दगडाकडे पाहिलं. अक्षरं चांगली खोल गेली होती, आणि दगड उद्या बसवायचा होता. ही लिपी इथे वाचतं कोण, असं त्याने सुचवून पाहिलं. तुम्ही, मी आणि प्रार्थना म्हणणारे आजोबा. त्यांना तर समोरचा माणूस दिसत नाही.

"जिच्यापासून लपवलं, तिला वाचता येतं."

तो दगडाजवळ वाकला. मग आवाज उतरवून म्हणाला, "पण आजी, आता ती त्याचं काय करणार?"

म्हातारीने बाहीने अक्षरांतली भुकटी पुसली.

"दुसरा करा. कागदावर आहे तस्सा. उद्याचं परवा झालं तरी चालेल, तो कुठे जातोय."

"आणि हा? घासून टाकू?"

"राहू द्या. मी गेले की माझ्यावर लावा. तिला एक घर तरी सापडू दे."

पाथरवटाने तो दगड भिंतीकडे तोंड करून ठेवला. नवा दगड ओढला, तिचा कागद पुन्हा समोर घेतला, आणि ती चूक एकेक रेघ मोजून आखायला बसला.