दरडीतलं दार

तानुबाईची कुदळ वर गेली आणि कुमुद सरळ जाऊन तिच्यासमोर दरडीला पाठ लावून बसली.

"बाजूले व्हय व बाई! कुदय लागी जाई तुले."

"लागू दे. पण इथली माती काढू नका, अक्का."

मागं टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बाया खुदुखुदू हसल्या. धुळ्याच्या कॉलेजातली ही किडेवाली बाई एसटीनं पिंपळनेरला उतरते, पायपीट करत गावात येते आणि नाल्याच्या दरडीपाशी पालथी पडून भिंगातून बघत बसते, हे गावाला पाठ झालं होतं. पण आता वैशाख संपत आलेला. घरांवरच्या सपाट मातीच्या धाब्यांवर नवी पांढरी माती पडली नाही, तर मिरगात घरभर पातेली मांडायची वेळ. गंमत करायचे दिवस होते का हे?

सकाळी कुमुद तानुबाईच्या घरी विनवायला गेली होती. दाराला कडुनिंबाचा डहाळा दिसला आणि पाय अंगणातच थांबले. आत तानुबाईची लेक बाळंतीण. डहाळा दिसला की परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही, एवढं तिलाही कळत होतं. मग अंगणातूनच बोलणं झालं, आणि अंगणातल्या बोलण्याला वजन ते किती!

होळीच्या सुमाराला तिनं दरडीवर एक पाटीही लावली होती. 'संशोधन क्षेत्र. माती काढू नये.' ती पाटी आता भाईदासनानाच्या शेळ्यांच्या वाड्याचं दार झाली होती. अक्षरं उलटी होती, पण वाचता यायची.

"अक्का, ऐका तरी. या जातीचा बिळात राहणारा कोळी आता फक्त इथंच उरलाय. बोदवडची दरड रस्त्याच्या भरावात गेली, चाळीसगावची शेत सपाट करताना गेली. ही गेली की संपलं. जगात दुसरीकडे कुठंच नाही."

"मनी आंडेर बी जगमा एकच शे," तानुबाई लेकीच्या काळजीनं म्हणाली. "तिना आंगवर धाबं गयी, तं तुना किडा येतीन का माती टाकाले?"

खोटं कशाला सांगा, कुमुदला रडूच आलं. इतकी वर्षं उन्हातान्हात शोधून ही एक जागा सापडलेली, आणि समोरची बाई बोलते तेही खरंच. ओल्या बाळंतिणीच्या अंगावर पाणी गळू द्या, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? ती उठली. पदरानं डोळे पुसले.

"बरं. काढा माती. पण आधी एखाददुसरी कोळ्याची मादी मला सोडवून घेऊ द्या."

तिनं पिशवीतून बारीक चिमटा काढला आणि दरडीला टेकवला. तिथं काहीच नव्हतं, नुसती माती. मग कोटाच्या बटणाएवढं मातीचं एक झाकण कडेनं उचललं गेलं आणि चिमट्यातून निसटून फटकन मिटलं.

तानुबाई वाकली. "काय व्हयनं ते?"

"तुम्हीच बघा." कुमुदनं चिमटा तिच्या हातात दिला.

तानुबाईनं झाकण धरून ओढलं. ते जरासं वर आलं आणि उलटं आत खेचलं गेलं. तिनं पुन्हा जोर लावला, पुन्हा आतून ओढ. जन्मभर या दरडीची माती काढलेली बाई, चिमटा टाकून मागं सरली.

"आव माय! मझारथीन कोनी वढी राह्यनं!"

"तीच. आतून दार धरून बसलीये. पिलं आहेत ना पोटापाशी. मिरग लागेपर्यंत ती बाहेर येत नाही आणि कोणाला आतही येऊ देत नाही."

"कितला पिला?"

"असतील तीस-चाळीस."

"तीस-चाळीस! बिचारीले शेक कोन देस व्हई?"

बाया पुन्हा हसल्या. तानुबाई हसली नाही. तिनं दरडीवरून इकडून तिकडं नजर फिरवली आणि कुदळ खांद्यावर घेतली.

"चला व. वरला नालावर जाऊत."

"आव, पन कितलं दूर शे ते!" बायांमधली बेबाबाई कुरकुरली. "आनि हाई ऊन!"

"मंग? बायतीननं घर खंदतस का कोनी?"

काठावरच्या निंबाचे दोन डहाळे तिनं मोडले आणि दरडीच्या फटींत, झाकणाच्या वरच्या अंगाला, नीट खोवले. कुमुद नुसती बघत राहिली.

"देखी काय राह्यनी? चाल ना तू बी, टोपलं लिसन!"

ऊन उतरेपर्यंत कुमुदनं तानुबाईच्या धाब्यावर माती वाहिली. मान मोडून आली, साडी पांढरीफटक झाली, पण मन कसं हलकं होतं. दरडीवर ठेवलेली पिशवी घ्यायला ती परत आली, तर नाल्यात बैलगाडी उभी होती. गाडीत फावडं, घमेली, आणि जुवाजवळ भाईदासनाना. पाटी काढून नेणारा तोच.

"नाना!" ती धावतच सुटली. "नाना, थांबा!"

नाना थांबलेलाच होता. दरडीपासून चांगला दहा हात लांब. वाटेत बायांनी त्याच्या कानावर घातलं असणार. त्यानं डहाळ्यांकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि आवाज अगदी खाली आणून, बाळंतिणीच्या दारात मुलगा की मुलगी विचारतात तसं विचारलं,

"काय व्हयनं बाई? आंडोर का आंडेर?"

"दोन्ही, नाना," कुमुद म्हणाली. हसू आणि रडू एकदमच आलं तिला. "पुष्कळ."

नानानं मान डोलावली. पुढं होऊन त्यानं बैलाच्या गळ्यातली घुंगरं मुठीत गच्च धरली आणि गाडी हळूच मागं वळवली.